राखलेला पैलवान

दिवाळी सरून कपाशीची पहिली वेचणी घरात आली, की तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी या नद्यांच्या काठी यात्रांचा जो हंगाम सुरू होतो, तो कार्तिकी एकादशीला जळगावच्या रामरथापासून निघून, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, महाशिवरात्रीला कोथळीची मुक्ताई आणि तापी-पांझरेच्या संगमावरील कपिलेश्वर अशी स्थाने घेत घेत, चैत्री पौर्णिमेला धुळ्याच्या एकवीरादेवीपाशी येतो आणि वैशाखात अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या रथाबरोबर संपतो. ही झाली मोठी, नावाजलेली ठिकाणे. त्यांच्या अधल्यामधल्या वारांना खंडोबाच्या, भवानीच्या, पिरांच्या लहानमोठ्या जत्रा इतक्या असतात की त्यांची यादी करू जाणारा थकून जाईल. देवदर्शन आटोपले, बारा गाड्या ओढून झाल्या, की गावाची पावले ज्या मोकळ्या रानाकडे वळतात तेथे बहुधा कुस्त्यांची दंगल भरलेली असते. या सहा-सात महिन्यांत आपल्या तालमीतल्या सर्वांत चांगल्या गड्याने किती वेळा लांग चढवावी आणि किती वेळा ती खुंटीवरच राहू द्यावी, हा प्रश्न खानदेशातील वस्तादांपुढे पिढ्यानपिढ्या उभा होता. आणि त्याची उत्तरे देता देता त्यांनी जी एक अलिखित पद्धती सिद्ध केली, तिचा इतिहास मल्लविद्येच्या ग्रंथांतून फारसा आढळत नाही. डावपेचांची वर्णने पुष्कळ आहेत. बडोद्याच्या व्यायामज्ञानकोशाने त्यांना भरपूर जागा दिली आहे. परंतु मल्लाने केव्हा लढू नये, याचा विचार मात्र प्रायः तोंडातोंडीच चालत आला.

दंगलीचा दस्तूर पाहिल्यावाचून या विचाराची गरज ध्यानात यावयाची नाही. गावचे पंच वर्गणी गोळा करतात. पाटील, सावकार, कापसाचा अडत्या, कधी एखाद्या मिलचा मालक आपापल्या नावाचे इनाम लावतो. उन्हे कलली की ढोल-हलगी वाजू लागते आणि पोरांच्या नारळावरच्या व रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी आरंभ होतो. मग फेटा, भांडे, रोख रक्कम अशी चढती भांजणी लागते, आणि दिवस मावळता मावळता शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती लागते. यांपैकी काही जोडी आगाऊ मुक्रर झालेल्या असतात. पण पुष्कळशा आयत्या वेळी ठरतात. पंच इनामाची रक्कम हातात उंच धरून मैदानाभोवती फेरी मारतो, एकाने ती कबूल केली की त्याचा दंड धरून त्याला फिरवतो, आणि त्याच्या तोलाचा दुसरा कोण, असे विचारतो. या पद्धतीत एक पेच आहे. नामांकित मल्ल मैदानाच्या कडेला केवळ बघ्या म्हणून येऊन बसला असेल तरी त्याच्यापुढे रक्कम येऊन थांबते. त्याने मान हलवली तर तो भ्याला असे चारी दिशांना होते, आणि मान तुकवली तर पुढल्या पंधरवड्यातल्या मोठ्या कुस्तीसाठी जपलेला गुडघा आजच्या किरकोळ रकमेवर लागतो. यावर वस्तादाचा उपाय सरळ होता. असा गडी त्या जत्रेला जावयाचाच नाही, दर्शनालासुद्धा नाही. घरच्यांना नवस फेडायचा असेल तर त्यांनी खुशाल जावे.

वस्तादाची मुखत्यारी येथून सुरू होत असे आणि ती गड्याच्या दिनचर्येच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोचत असे. वर्षाचे दोन भाग पडत. आषाढापासून आश्विनापर्यंतचा काळ मेहनतीचा. हौद्यातली माती उकरून, चाळून, तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती नव्याने तयार करावयाची, नागपंचमीला आखाड्याची पूजा करावयाची, आणि जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल यांनी अंगात बळ भरावयाचे. शेतीची कामे याच दिवसांत असत. परंतु ज्या घराने एक मुलगा तालमीला दिला, त्या घराने निंदणी-कोळपणीत त्याचा हिशेब धरावयाचा नाही, अशी समजूत असे. घरातला दुधाचा मोठा वाटा त्याचा. बदाम, खसखस, बडीशेप वाटून केलेली थंडाई त्याची. आणि खानदेशाच्या लाल मिरचीने पेटलेल्या रश्श्यात मात्र त्याचा वाटा नाही. भरताच्या दिवसांत ही शेवटची अट पाळणे किती कठीण, ते जळगावकडच्या वाचकाला सांगण्याची जरूर नाही.

दिवाळीनंतर हिशेब उलटा होई. बळ मिळवण्याचे काम संपून ते खर्चण्याचे सुरू झाले, आणि खर्चाची वही वस्तादाच्या हाती आली. मोठी जोड मुक्रर झाली की जोर-बैठकांची संख्या हळूहळू उतरत असे, कारण फार बैठका मारलेली मांडी भरीव दिसते तरी जड पडते. त्यांच्या जागी लढती वाढत. पुढे लढतीही उतरणीला लागत, आणि त्यांचा प्रकार बदले: तोलाच्या जोडीदाराशी होणारी झोंबी बंद करून आपल्याहून हलक्या दोन-तीन पोरांना आळीपाळीने अंगावर घ्यावयाचे, म्हणजे दम टिकतो, हात सफाईने चालतो, आणि खांदा किंवा गुडघा उखडण्याचे भय राहत नाही. अखेरच्या काही दिवसांत केवळ मालिश, सकाळची फेरी आणि झोप. इनामाच्या आदल्या आठवड्यात आपला गडी तालमीत घाम गाळताना दिसला नाही म्हणून गावकरी कुरकुरत. वस्ताद त्यांना उत्तर देण्याच्या भरीस पडत नसे. आजचे क्रीडावैद्य यंत्रे लावून, रक्त तपासून जे सांगतात, त्यातला पुष्कळसा भाग हा माणूस गड्याची कानशिले, त्याचा श्वास आणि दूध पिताना त्याच्या चेहऱ्यावर दिसणारी रुची पाहून ठरवत असे. शेतकऱ्याने कणगीतले उत्तम दाणे बियाण्यासाठी बाजूला काढावे आणि घरात टंचाई आली तरी त्यांना हात लावू नये, तसा हा निग्रह होता.

पण हे सर्व केवळ शरीरासाठी होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गडी राखण्यामागे आणखी दोन हेतू असत. एक गुप्ततेचा: हुकमी डाव, मग तो ढाक असो की एकलंगी, दर आठवड्याला चार गावांपुढे दाखवला तर त्याची तोड निघते. प्रतिपक्षाची माणसे जत्रेजत्रेतून नजर ठेवून असत आणि तालमीच्या दारापर्यंतही येत. म्हणून मोठ्या जोडीआधी बाहेरच्याला आत येऊ देत नसत. दुसरा हेतू बाजाराचा, आणि त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नसे. जो मल्ल दर जत्रेला उपलब्ध आहे त्याच्या नावावर वर्गणी जमत नाही; जो क्वचित दिसतो त्याच्यासाठी पंच दूरच्या गावी माणूस पाठवतात, त्याच्या वस्तादाच्या ओसरीवर बसून राहतात, आणि इनामाची रक्कम वाढवून बोलतात. शरीराचे कारण खरे असे, त्याच्या आडून बाजाराचे कारणही साधून घेतले जाई, आणि एखाद्या वर्षी ‘खांदा दुखावला आहे’ या निरोपातला खांदा खरोखर किती दुखावलेला होता, ते मालिशवाल्याखेरीज कोणास ठाऊक नसे.

याची तक्रार करण्याचा हक्क ज्यांना होता ते प्रेक्षक होते. वर्गणी त्यांची, धूळ त्यांनी खाल्लेली, पाच-सात कोस बैलगाडीने आलेले ते. आणि ऐन वेळी मोठ्या नावाऐवजी त्याच तालमीतला दुसरा गडी मैदानात उतरताना त्यांना पाहावा लागे. पंच आणि वस्ताद यांच्यात यावरून कज्जे होत. मल्लाचे बळ मल्लाचे, हे बोलायला ठीक आहे. परंतु त्याला दूध घरच्यांनी पाजले, डाव वस्तादाने शिकवले, आखाड्याला तेल गावाने दिले, आणि नाव जत्रेने केले. मग त्याचा एक दिवस कोणाच्या मालकीचा? माझ्या मते वस्तादाच्या पद्धतीचा खरा गाभा हाच होता की या चार हक्कदारांपैकी कोणालाही अखेरचा शब्द न देता तिने तो स्वतःकडे ठेवला. त्यात जुलूम होता. गड्याला स्वतःला विचारण्याची रीत नव्हती. तथापि ज्या तालमींत हा अधिकार ढिला पडला आणि पाटलाच्या मर्जीप्रमाणे गडी उभा केला जाऊ लागला, तेथली पोरे ऐन उमेदीत अंगाने निकामी झाली, हेही तितकेच खरे.

मोठ्या जोडीपूर्वी मुदत मागण्याचा मल्लाचा हक्क किती जुना मानला जात होता, त्याची साक्ष खानदेशाच्या सीमेलगतच्या एका आख्यायिकेत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब हे दोन बलाढ्य मल्ल आले आणि त्यांनी पुण्यातील पैलवानांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या तरुणाने ते स्वीकारले, परंतु काही दिवसांची सवलत मागून घेतली. तो वणीच्या सप्तशृंगगडावर गेला, तेथे देवीची आराधना केली, मारुतीच्या प्रेरणेने झाडाच्या सरळ खांबावर कसरत करण्याची विद्या त्याला स्फुरली, आणि परत येऊन त्याने अलीला जिंकले; ते पाहून गुलाबाने माघार घेतली. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची ही कथा व्यायामशाळांतून अजून सांगितली जाते, आणि ज्या गडावर चैत्रात खानदेशातून पायी निघालेल्या भाविकांची रीघ लागते त्याच गडाशी ती जोडलेली असल्यामुळे आमच्याकडे तिला विशेष आपलेपणा आहे. दृष्टांताचा भाग श्रद्धेवर सोडून दिला तरी बाकी उरतो तो व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे: आव्हान आणि कुस्ती यांच्यामध्ये मुदत असते, ती मागण्यात कमीपणा नसतो, खुद्द पेशव्याचा दरबारही ती देतो, आणि त्या मुदतीत मल्ल लोकांच्या दृष्टीआड असतो.

खानदेशापुरता या पद्धतीला आणखी एक आधार होता तो हवेचा. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हंगामाची मोठी इनामे मात्र चैत्र-वैशाखातच लागतात, कारण पीक विकले जाऊन हातात पैसा तेव्हाच खेळतो आणि आखाजीपर्यंत शेताला काम नसते. म्हणजे वर्षातले सर्वांत कठीण काम वर्षातल्या सर्वांत वाईट हवेत, आणि तेही हंगामाच्या शेवटी, थकलेल्या अंगाने करावयाचे. पौष-माघात आठवड्याला एक याप्रमाणे लढलेला गडी वैशाखातल्या तापलेल्या मातीत किती वेळ टिकणार? आणि त्या काळी वेळेला बंधन नव्हते. कुस्ती निकाली व्हावी, पाठ मातीला लागावी, तोवर ती चालावयाची. फार लांबली तर पंचांनी बरोबरीत सोडवावयाची. याचे परदेशातले टोकाचे उदाहरण लंडनचे आहे: १० सप्टेंबर १९१० रोजी गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली, आणि तीत झिबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. असल्या लढतीत डावांपेक्षा शिलकीत किती दम आहे याला महत्त्व, आणि ती शिल्लक आधीच्या महिन्यांतच पडलेली असावी लागते.

स्वातंत्र्यानंतर स्पर्धेचे स्वरूपच पालटले. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, १९६१ साली औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, हे अधिवेशन धुळ्यास भरले. तेथे भगवान मोरे विजयी ठरले. १९६६ साली जळगावला मान मिळाला. कॅप्टन ब्रिग्जने वसवलेले नेटके धुळे, राजवाड्यांच्या दप्तरांचे धुळे, त्या वर्षी सबंध महाराष्ट्राच्या मल्लांनी भरून गेले, ही घटना खानदेशातील तालमींच्या दृष्टीने मोठीच होती. परंतु वस्तादांपुढे तिने जे नवे कोडे टाकले त्याची दखल कमी घेतली गेली. आजवर मोठी कुस्ती म्हणजे एक माणूस, एक तारीख, एक इनाम. अधिवेशनात मात्र तीन-चार दिवसांत एकामागून एक कुस्त्या जिंकीत वर चढावयाचे. उद्या कोण समोर येणार ते आजच्या निकालावर अवलंबून. आणि पुढे मातीचा व गादीचा असे दोन विभाग होऊन त्या दोहोंतील विजेत्यांत गदेसाठी अखेरची झुंज होऊ लागली. महिन्यांचे गणित आता तासांवर आले. पहिल्या फेरीत दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला लवकर चीत करून वाचवलेली पाच मिनिटे तिसऱ्या दिवशी उपयोगी पडतात, हे ज्यांना आधी उमगले ते पुढे गेले. गादीच्या कुस्तीला तर वेळेची आणि गुणांची चौकट आली. सध्या ती दोन भागांत मिळून सहा मिनिटांची असते.

हा नवा हिशेब किती निष्ठुर असतो, ते आपल्याला धुळ्याच्या अधिवेशनापूर्वी दहा वर्षे हेलसिंकीत कळले होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून पुढे गेले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ, दमवणारी कुस्ती झाली आणि ती त्यांनी गमावली. त्यानंतर लागलीच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामदबेकोवसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तो दाखवून देणारा भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. जाधव हरले आणि कांस्यपदकाचे धनी झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचे मोल कमी नाही. परंतु गावच्या जत्रेत एखाद्या निरक्षर वस्तादाने ‘गडी आत्ता उतरणार नाही’ असे पंचांना ठणकावले असते, तेवढा एक माणूस त्या दिवशी त्यांच्या पाठीशी नव्हता, ही रुखरुख मला कधी सुटली नाही.

आश्चर्य असे की ज्या देशात प्रत्येक खेळाडूमागे वैद्यांची फौज आहे, त्या अमेरिकेत हाच कज्जा अलीकडे बास्केटबॉलच्या मैदानावर नव्याने उभा राहिला. तेथील संघांना निर्णायक फेऱ्यांपूर्वी ८२ सामने खेळावे लागतात, सामना ४८ मिनिटांचा. सॅन अँटोनियो संघाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी २९ नोव्हेंबर २०१२ रोजी मायामीतील सामन्यापूर्वी टिम डंकनसह आपल्या चार प्रमुख खेळाडूंना सरळ घरी पाठवून दिले. तिकिटे घेतलेल्या प्रेक्षकांचा अपमान झाला म्हणून संघटनेने संघाला अडीच लाख डॉलरांचा दंड केला. पोपोविच बधले नाहीत. २०१३-१४ च्या हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सामन्यामागील सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही, आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्यांनीच मिळवले. २०१९ मध्ये टोरांटोने क्वाय लेनर्डला ८२ पैकी अवघे ६० सामने खेळवून तेच साधले. अखेर संघटनेने २०२३ पासून नियम केला की मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी साधारणतः ६५ सामने तरी खेळलेले असले पाहिजेत. आमच्या पंचांना असा नियम सुचला नाही. सुचला असता तरी वस्तादांनी तो जुमानला असता असे वाटत नाही. मात्र त्या दंडाच्या बातमीत वर्गणीदार गावकऱ्याचाच राग आहे, आणि पोपोविचच्या मौनात वस्तादाचेच मौन आहे, हे खानदेशातल्या कोणत्याही दंगलीच्या पंचाला पटकन ओळखू येईल.

आता खानदेशातल्या होतकरू मुलाचा मार्ग गावच्या तालमीतून निघून पुण्याच्या संकुलांकडे जातो, आणि त्याला राखण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर तिकडे गेला आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा विजय चौधरी हे या नव्या काळाचे ठळक उदाहरण. २०१४ साली अहमदनगर, २०१५ साली नागपूर आणि २०१६ साली पुणे अशा तीन अधिवेशनांत त्याने लागोपाठ महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. त्याच्या आधी लागोपाठ तीनदा असे यश नरसिंग यादवला मिळाले होते. एकदा गदा मिळवणे आणि तिसऱ्या वर्षीही ती राखणे, यांत फार अंतर आहे. पहिल्या विजयानंतर प्रत्येक यात्रेचे पंच दारात येतात, पूर्वी कधी बोलले गेले नव्हते असे आकडे बोलतात, आणि अधिवेशन बहुधा डिसेंबर-जानेवारीत असल्यामुळे नेमका कार्तिक-मार्गशीर्षाचा, म्हणजे आमच्या यात्रांच्या आरंभाचा काळ मल्लाच्या तयारीचा ठरतो. जुन्या काळी वैशाख हे टोक होते आणि कार्तिकात हात सैल सोडता येत असे. आता टोक पौषात आले, आणि कार्तिकातील मैदाने टाळून चैत्र-वैशाखातील घ्यावीत, असा क्रम लागला. त्यामुळे दिवाळीनंतरच्या जत्रांतून मोठी नावे कमी दिसू लागली आणि त्यांच्या जागी पंजाब-हरियाणाकडील मल्ल बोलावण्याची चाल वाढली. स्थानिक पंचांना हे महाग पडते, पण प्रेक्षकाला मोठे नाव हवे असते.

चौधरी पुढे पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. तेथे वस्तादाच्या जोडीला वरिष्ठांची मंजुरी आणि रजेचा अर्ज आले, आणि वर्षातल्या असंख्य मैदानांच्या ऐवजी खात्याच्या मोजक्या स्पर्धा आल्या. २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे भरलेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत १२५ किलो वजनगटात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्यांचे पहिले केसरीपद नऊ वर्षांचे जुने झाले होते.